पौर्णिमाची फेरतपासणी

मुक्ताबाई तशी सरळ बाई. दुसऱ्याच्या वावरातली दोन कणसं घ्यायची झाली तरी बांधावरून मालकाला हाक मारणार. पण आयुष्यभर एका बाबतीत तिनं मनसोक्त खोटं बोलून घेतलं, आणि ती बाब म्हणजे तिच्या लेकीचा पाय. पौर्णिमाच्या पायाचा विषय निघाला की मुक्ताबाईच्या तोंडून असं काही यायचं की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोर रोज सकाळी डोंगर चढून उतरते आणि मगच चहा पिते.

खरं काय ते सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. पौर्णिमा दोन वर्षांची असताना ताप आला, तीन दिवस हटला नाही, आणि गेला तो डावा पाय घेऊनच गेला. पोलिओ. तेव्हापासून डावा हात डाव्या मांडीवर दाबायचा, गुडघा ताठ करायचा, त्यावर अंग तोलायचं आणि उजवा पाय पुढं टाकायचा, हे तिचं चालणं. असं चालतच ती दहावी झाली, आणि असं चालतच जळकोटात हायवेच्या अंगाला असलेल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. अपंगाचं कार्ड निघालं तेव्हा डॉक्टरांनी पंचेचाळीस टक्के लिहिले होते. मुक्ताबाईला तेव्हा तो आकडाही जास्तच वाटला होता.

खोट्याची सवय लागली ती पाव्हण्यांमुळं. पोर लग्नाला आली तसे पाव्हणे बघायला येऊ लागले. मुक्ताबाई तिला आधीच सतरंजीवर बसवून ठेवायची, साडीच्या निऱ्या पायांवर नीट पसरायची, चहाचा ट्रे पुतणीच्या हातात द्यायची, आणि पाव्हण्यांनी बशी तोंडाला लावली की सुरू व्हायची. पोर लई कामाची हाय. धुणं, भांडी, सैपाक, समदं एकटी करती. पाव्हणे माना डोलवायचे. मग त्यांच्यातली एखादी जाणती बाई म्हणायची, ऊठ गं बाई, जरा पाणी आण. तिथं सगळं संपायचं. असं अकरा वेळा झालं, आणि बारावे पाव्हणे आलेच नाहीत. पौर्णिमाचा बाप राजपाल तेव्हा जिवंत होता. तो म्हणायचा, आधीच सांगून टाकत जा की, उगं त्यांचा बी येळ जातो. त्यावर मुक्ताबाईचं एकच उत्तर असायचं: पोरीचं वाईट आईनंच सांगायचं का?

आता राजपालला जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुक्ताबाई एकसष्ट वर्षांची होती, पौर्णिमा पस्तिशीची, आणि घरात दोघीच.

दोन वर्षांपासून उजवा पाय दगा द्यायला लागला. आधी संध्याकाळी थरथरायचा, मग दुपारीच. सोलापूरच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की पोलिओ झालेल्यांना कधी कधी पुढं असं होतं. ज्या पायानं इतकी वर्षं दोघांचं काम केलं तो आता दमलाय, आणि हे मागं फिरणारं दुखणं नाही. सकाळी ताजा असताना पायात जोर वाटेल, पण थोडं काम केलं की तो टिकणार नाही. त्यानं तसा कागद लिहून दिला. मुक्ताबाईनं तो कागद पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवला, वर दोन लुगडी टाकली आणि शेजारणीला सांगितलं की अंगात रक्त कमी हाय म्हनले.

घरात पौर्णिमा चालतच नव्हती. दार लावलं की ती हातांवर सरकायची. जमिनीवरून उठायचं झालं तर मुक्ताबाई मागून तिच्या काखेत हात घालून उचलायची, दिवसातून सात-आठ वेळा. हे त्या दोघींशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. रस्त्याकडच्या खिडकीला मुक्ताबाईनं जुन्या साडीचा पडदा शिवून लावला होता.

पण अंगणवाडीला पडदा लावता येत नाही. दिवाळीनंतर एके दिवशी पौर्णिमा खिचडीचं पातेलं उचलून दोन पावलं गेली आणि उजवा पाय मुडपला. पातेलं उलटलं. पोरं रांगेनं ताटल्या घेऊन बसली होती, त्यांच्यापासून दोन हातांवर वाफाळती खिचडी पसरली. कुणाला काही झालं नाही. सुपरवायझर मॅडम आल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. म्हणाल्या, बसून करायचं काम तुझ्याइतकं नीट कुणी करत नाही, पोरं तुझ्याशिवाय जेवत नाहीत. पण दीड किलोमीटर चालून आलीस की तुझ्या अंगात काही उरतच नाही. येण्याजाण्याची सोय कर. पुन्हा असं झालं तर मला वर लिहावं लागेल, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही.

सोय म्हणजे बॅटरीवरची तीनचाकी. तालुक्याला शिबिर लागणार होतं आणि तिथं ती मिळणार होती, पण कार्डावर ऐंशी टक्के असतील त्यालाच. पौर्णिमाच्या कार्डावर पंचेचाळीस होते. म्हणून तिनं ई-सेवा केंद्रात जाऊन फेरतपासणीचा अर्ज भरला. आईला विचारलं नाही, भरल्यावर सांगितलं.

मुक्ताबाईची झोपच उडाली. कारण सोनारीकडच्या गोरोबाची गोष्ट तिच्या कानावर आली होती. गोरोबाही असाच दुखणं वाढलं म्हणून फेरतपासणीला गेला होता. पन्नासाचा पस्तिसावर आला. चाळीसच्या खाली गेलं की कार्ड गेलं, महिन्याचा निराधारचा पगार गेला, एसटीचा पास गेला. आणि नवा आकडा लागला की जुना कागद रद्द. सध्या बोगस दाखल्यांच्या तक्रारींमुळं डॉक्टर फार कडक झालेत, असं जो तो सांगत होता. त्यात अंगणवाडीच्या सेविका द्वारकाबाईनं नळावर काळजीच्या सुरात भर घातली. म्हणाली, मावशी, जपून बोला तिथं. काम जमत नाही असं कागदावर आलं तर सरकार म्हणेल, मग मदतनीस ठेवलीच कशाला? द्वारकाबाईच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण ते वाक्य मुक्ताबाईच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

बुधवारी पहाटे दोघी निघाल्या. मुक्ताबाईनं लेकीला जांभळी साडी नेसवली, चापूनचोपून, पाय दिसणार नाही अशी. एसटीत चढताना पौर्णिमाचा पाय पायरीवर ठरेना. मुक्ताबाई मागून रेटत होती. कंडक्टरनं वरून हात दिला तशी मुक्ताबाई म्हणाली, पायाला मुंग्या आल्यात तिच्या. कंडक्टरच्या दुसऱ्या हातात अपंगाचं कार्ड होतं. त्यानं एकदा कार्डाकडं बघितलं, एकदा मुक्ताबाईकडं, आणि बिचारा तिकीट फाडायला लागला.

तुळजापूरला गाडी बदलली. धाराशिव येईपर्यंत पौर्णिमानं आईला तीनदा बजावलं, की आत तू बोलायचं नाहीस. विचारलं तरच बोलायचं, आणि खरं तेच सांगायचं. मुक्ताबाई प्रत्येक वेळी मान हलवत होती. तिनं मनाशी ठरवलंच होतं, तोंडाला कुलूप.

दवाखान्यात बोर्डाच्या खोलीबाहेर व्हरांडाभर माणसं होती. कुणी काठ्या घेऊन, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणी पाठुंगळीला. दारात शिपाई बसला होता, शिवशंकर नावाचा. हातात यादी, आणि आवाज असा की सगळा व्हरांडा त्याचाच. नावं भराभर निघत नव्हती. दोघी बाकावर बसून राहिल्या. एक तास गेला, दोन गेले, तिसरा सरत आला. मधे एक धडधाकट दिसणारा माणूस आतून बाहेर आला, भिंतीला टेकला आणि कुणाशी तरी फोनवर हळू आवाजात म्हणाला, कमी केलं. मुक्ताबाईनं पौर्णिमाचा हात धरला.

साडेबाराला नाव पुकारलं. आत लांब टेबलामागं तीन डॉक्टर होते. मधल्या डॉक्टरीण बाई चाळिशीच्या, चष्मा केसांत खोवलेला, सकाळपासून बोलून बोलून आवाज बसलेला. त्यांनी पौर्णिमाला कॉटवर बसवलं. टेप लावून दोन्ही पिंढऱ्या मोजल्या. डावा पाय त्यांनी लवकर सोडला, त्यात नवीन काही नव्हतं. मग उजव्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, मी खाली दाबते, तुम्ही वर उचला. जोर लावा.

आणि पौर्णिमानं जोर लावला. अगदी दात-ओठ खाऊन लावला. तीन तास बाकावर बसून पाय निवला होता, आणि जोर लाव म्हटल्यावर जोर लावायचा, हेच तिनं जन्मभर केलं होतं. मायलेकी एकाच शाळेत शिकलेल्या. पाय वर आला. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, जोर चांगलाय की. आणि त्यांनी काहीतरी लिहिलं.

मग चालून दाखवायला सांगितलं. कॉटपासून दारापर्यंत आठ-दहा पावलं. पौर्णिमा उठली तशी मुक्ताबाईही उठली आणि तिच्या डाव्या अंगाला जाऊन कोपराखाली कोपर घालून चालायला लागली. तिला कळलंही नाही. डॉक्टरीण बाईंनी सांगितलं, मावशी, तुम्ही बसा. ती बसली. पौर्णिमा एकटी गेली आणि एकटी आली, मांडी दाबत, पण न पडता आली.

डॉक्टरीण बाई चष्मा डोळ्यांवर ओढून, पौर्णिमानं पेटीच्या तळातून काढून आणलेला सोलापूरचा कागद वाचू लागल्या. वाचता वाचता मान वर न करताच त्यांनी सहज, अगदी घरच्या माणसासारखं विचारलं, "घरातलं काम कोण करतं मग?"

झालं. तो प्रश्न मुक्ताबाईनं अकरा वेळा ऐकला होता. तिच्या जिभेला त्याचं उत्तर डोक्याला न विचारता येत होतं.

"तीच करती की म्याडम," ती म्हणाली. "लई कामाची हाय पोर. धुणं, भांडी, सैपाक, समदं एकटी करती. हापशाचं पाणी बी तीच आणती."

डॉक्टरीण बाईंनी मान वर केली. "पाणी? भरलेली घागर?"

"व्हय. कडंवर घिऊन."

पौर्णिमा फरशीकडं बघत बसली होती, सतरंजीवर बसायची तशीच. मुक्ताबाईला आपण काय बोललो ते तेव्हा ऐकू आलं. पण शब्द निघून गेले होते, आणि टेबलावरचं पेन चालायला लागलं होतं.

डॉक्टरीण बाईंनी कागद बाजूला ठेवला. त्या शांतपणे म्हणाल्या, की सोलापूरच्या डॉक्टरांनी लिहिलंय ते मी वाचलं. पण मला आज जे दिसतंय आणि तुम्ही जे सांगताय, त्यात वाढ धरायला जागा नाही. उलट आधीचे पंचेचाळीस कशावर दिले होते, तेच तपासावं लागेल. बाहेर बसा. दोन वाजता यादी कॉम्प्युटरला चढेल.

बाहेर आल्यावर शिवशंकरनं न विचारताच माहिती दिली. एकदा यादी चढली की वर्षभर परत अर्ज घेत नाहीत. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

पौर्णिमा बाकावर बसली. मुक्ताबाईनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, तिच्यापुढं धरली. तिनं घेतली नाही.

"आई," ती म्हणाली, "आत तू मला कुणाला दाखवत होतीस?"

मुक्ताबाईनं द्वारकाबाईचं नाव पुढं केलं. काम जमत नाही असं कागदावर आलं तर नोकरी जाईल, म्हणून आपण सांभाळून बोललो, असं काहीतरी ती पुटपुटली. ते पूर्ण खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि हे दोघींनाही कळत होतं.

"नोकरी पायानं जाणार हाय, कागदानं न्हाय," पौर्णिमा म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता, उलट बारीक झाला होता. "तू एकसष्टची झालीस. तुझी बी कंबर वाकाय लागली. ज्या दिवशी तुझ्यानं मला उचलवंना, त्या दिवसापासनं म्या जमिनीवरच. ते सांगायची तुला लाज वाटती. मला त्याचं भ्या वाटतं, आई. रोज वाटतं."

लेक भिते हे मुक्ताबाईला ठाऊकच नव्हतं. तिला वाटायचं की आपण झाकतो ते लेकीसाठीच झाकतो. बाकावर बसल्या बसल्या तिला पहिल्यांदा अशी शंका आली की लेकीसाठी झाकता झाकता आपण लेकीलाच पडद्याआड ढकललं, आणि ती तिथं एकटीच बसली होती. त्या शंकेनं तिला बसवेना.

ती उठून दाराशी गेली. शिवशंकरनं हात आडवा केला. एकदा झालं की परत आत नाही, असा नियम होता. मुक्ताबाईनं विनवण्या केल्या. त्यानं तिच्याकडं न बघता यादीवर बोट ठेवलं. एक पंचवीस. मुक्ताबाई जन्मात कुठल्या कचेरीत आवाज चढवून बोलली नव्हती, शिपायालाही साहेब म्हणणारी बाई. ती दाराजवळच भिंतीला लागून उभी राहिली. एक पस्तीस. आतून पंख्याचा आवाज येत होता आणि खुर्च्या सरकवल्याचा. जेवायला उठतात की काय, या विचारानं ती दाराच्या आणखी जवळ सरकली.

एक चाळीसला चाकाच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्याचं नाव निघालं. त्याची खुर्ची उंबऱ्याला अडली. शिवशंकर ती उचलायला वाकला आणि मुक्ताबाई त्याच्या पाठीमागून आत शिरली. त्यानं पदर धरायला हात घातला, पण तोवर ती टेबलापुढं पोचली होती.

"म्याडम, म्या मघाशी खोटं बोलले."

डॉक्टरीण बाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, कंटाळलेला होता. त्या म्हणाल्या, मावशी, आकडा कमी पडला की सगळेच परत येऊन असं म्हणतात. मघाशी म्हणालात ती पाणी भरते. आता म्हणाल ती उठत नाही. मी कुठलं खरं धरू?

मुक्ताबाईनं आयुष्यभर रचलेलं खोटं इतकं पक्कं उभं राहिलं होतं की आज ती खरं घेऊन आली तर त्यालाच कुणी दार उघडेना. शिवशंकर तिला दंडाला धरून बाहेर न्यायला लागला. ती दोन पावलं मागं सरकली, आणि मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

"तिला भुईवर बसवा," ती म्हणाली. "आन् ऊठ म्हना."

डॉक्टरीण बाईंनी घड्याळाकडं बघितलं, मग म्हाताऱ्याकडं. म्हातारा म्हणाला, बघा की बाई आधी तिचं, मला काय घाई न्हाय. पौर्णिमाला आत बोलावलं.

ती आली. काय करायचं ते ऐकल्यावर तिनं आईकडं पाहिलं. मग भिंतीला धरून धरून ती खाली बसली, फरशीवर, सगळ्यांच्या समोर. डॉक्टरीण बाईंनी मुक्ताबाईला खिडकीजवळ उभं केलं आणि बजावलं, काहीही झालं तरी हात लावायचा नाही. लावला तर ही तपासणी धरणार नाही. त्या टेबलाला वळसा घालून पुढं आल्या आणि म्हणाल्या, उठा.

पौर्णिमानं कुशीवर वळून दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. उजवा गुडघा पोटाखाली घेतला. कंबर वर उचलली, डावा हात मांडीकडं न्यायला लागली, आणि उजवा पाय थरथरायला लागला. आधी टाच, मग गुडघा, मग सगळी मांडी. ती कुशीवर पडली. चापूनचोपून नेसवलेली साडी गुडघ्यापर्यंत वर सरकली आणि वाळक्या काटकीएवढा डावा पाय सगळ्या खोलीला दिसला. मुक्ताबाईचे हात आपोआप पुढं झाले. तिनं ते मागं ओढले आणि खिडकीचा गज धरला.

"पुन्हा," डॉक्टरीण बाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा ती गुडघ्यापर्यंतही आली नाही. तिसऱ्यांदा तिनं कॉटचा पाय धरायचा प्रयत्न केला, तर हात खांद्यातूनच लचकला. अंबाडा सुटून केस तोंडावर आले होते. ती धापा टाकत होती. रडत नव्हती, ओठ घट्ट मिटले होते, आणि तिनं चौथ्यांदा तळवे टेकवले. मुक्ताबाईला वाटलं, जाऊ दे मेलं ते कार्ड, मरू दे ती सायकल, आत्ता जाऊन उचलावी माझी पोर. दोन पावलांवर तर होती. ती दोन पावलं न टाकणं यापेक्षा अवघड काम तिनं जन्मात केलं नव्हतं. बाळंतपण नाही, राजपालची माती नाही, काही नाही.

"बास. बास झालं," डॉक्टरीण बाई म्हणाल्या आणि स्वतःच फरशीवर बसल्या. त्यांनी पौर्णिमाच्या उजव्या गुडघ्यावर दोन बोटं ठेवली. फक्त दोन. उचला म्हणाल्या. पाय हलला नाही. त्यांनी एक बोट काढून घेतलं. तरी हलला नाही. मग त्यांनी मान वळवून बाकीच्या दोघा डॉक्टरांकडं पाहिलं आणि सोलापूरचा कागद परत मागून घेतला. या वेळी त्यांनी तो सावकाश वाचला.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, हे मघाशी का नाही सांगितलं? त्यांचा सूर रागाचा नव्हता. पौर्णिमाच म्हणाली, फरशीवरूनच, की आई हे कधीच कुणाजवळ बोलली नाही मॅडम, माझ्याजवळसुद्धा नाही.

मग मात्र मुक्ताबाई बोलली. डॉक्टरीण बाईंनी उचला आता म्हणायच्या आधीच ती लेकीच्या मागं जाऊन काखेत हात घालून उभी राहिली होती, आणि उचलता उचलता धपापत सांगत सुटली. घरात ती सरकती. संडासला म्या नेती. पाणी म्या भरती, सैपाकाला ती बसली तर तिला पाटावरनं म्या उठवती. रोज पडती म्याडम, कधी उंबऱ्यात, कधी न्हाणीत. दोन डाव डोकं फुटलं, म्या हळद भरून फडकं बांधलं आन् लोकास्नी सांगितलं, दार लागलं. सांगताना ती कुणाकडंही बघत नव्हती. डॉक्टरीण बाई लिहीत होत्या.

तिघा डॉक्टरांनी आपसात बोलून हिशेब मांडला. एक पाय, दुसरा पाय, हातांवर सरकून झिजलेला खांदा. शिवशंकर दारात उभा होता, त्यानंही आता यादी खाली केली होती. दोनाला पाच मिनिटं कमी असताना डॉक्टरीण बाईंनी आकडा सांगितला. चौऱ्याऐंशी. नवीन कार्ड पुढं घरी येईल, आकडा हाच राहील, तीनचाकीच्या शिबिराला अडचण येणार नाही. मग त्या पौर्णिमाकडं बघून जरा थांबल्या आणि म्हणाल्या, की पायाला आता जपायचं. जोर लावून दाखवायचा नाही कुणाला. तो जोर परत येणार नाही.

पौर्णिमानं मान हलवली. मुक्ताबाई लेकीला आधार देत बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यात नुसता आकडा घुमत होता. चौऱ्याऐंशी. हवे होते त्याच्यापेक्षा चार वर. तीन आठवडे तिनं याच आकड्यासाठी जीव टांगणीला लावला होता. दीड किलोमीटर आता चालायचं नाही. अंगणवाडी राहिली, पोरं राहिली. तिला हायसं वाटलं, आणि वाटता वाटताच तिच्या लक्षात आलं की आपण कशाचा आनंद मानतोय.

बाकावर एक परक्या गावची बाई बसली होती, मांडीवर फायलींची पिशवी. ती जरा सरकली, दोघींना जागा दिली आणि दहावीचा निकाल विचारावा तसं विचारलं, किती पडले?

मुक्ताबाईनं आकडा सांगितला. ती बाई म्हणाली, बरं झालं बाई, आमाला साठीच दिले. मग पौर्णिमाकडं बघत तिनं हळूच विचारलं, काय झालंय लेकीला?

मुक्ताबाईचं तोंड उघडलं. तिच्याकडं या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं होती, जिभेवर ठेवलेली. पौर्णिमानंही मान वळवून आईच्या तोंडाकडं बघितलं आणि तशीच बघत राहिली.

"तिला चालता येत न्हाय," मुक्ताबाई म्हणाली.

म्हणाली आणि त्या भरल्या व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, पदर तोंडाला न लावता रडायला लागली. पौर्णिमानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती थांबेपर्यंत काढला नाही.